जुन्या रस्त्याची मोजणी

९ जून, रविवार

पवित्र आत्म्याचा सण. मिस्सा संपल्यावर फादर निकानोर यांनी सांगितलं की राजधानीहून माणसं येणार आहेत आणि नव्या टोलच्या रस्त्याने आसपासच्या गावांचं काय भलंबुरं झालं ते मोजणार आहेत. मोजून झालं की एका गावाला जोडरस्ता मिळेल, म्हणजे नव्या रस्त्यावरून गाड्यांना वळून सरळ त्या गावात येता येईल. एकतर आमच्या आल्तो रोसालला, नाहीतर पलीकडच्या डोंगरावरच्या पेन्या ब्लांकाला. दोघांना नाही.

पायऱ्यांवरच चर्चा सुरू झाली. सोराइदाची खानावळ आमच्या घरासमोर, रस्त्याला लागून आहे. ती म्हणाली, "मोजायला एवढ्या लांबून कशाला यायचं? माझ्या पातेल्यात डोकवा म्हणावं. तळ दिसतो."

नवा रस्ता नोव्हेंबरात सुरू झाला. तो खालून नदीच्या काठाने जातो, बोगद्यातून बाहेर पडतो आणि आमचा डोंगर चढतच नाही. पूर्वी बंदराकडे जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या चढावर धापा टाकत यायचा, आणि कुणा ना कुणाचं चाक आमच्या वळणावर दम सोडायचं. माझ्या नवऱ्याचं, आर्हेमिरोंचं, पंक्चरचं दुकान त्याच वळणावर आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी टाकलेलं. अजूनही रोज सकाळी दुकान उघडतात, पुढचं अंगण झाडतात, हवेचं यंत्र फडक्याने पुसतात आणि बसतात.

काल त्यांच्या चुलतभावाचा, हिल्देब्रांदोचा, फोन आला होता. बुएनाव्हेंतुराच्या बंदरात ट्रकच्या आवारात टायरवाला हवा आहे, राहायला खोलीही देतात. आर्हेमिरो म्हणाले, "मी इथे ठीक आहे." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. दोन्ही मुलं केव्हाच लांब गेली. हेही गेले तर या घरात मी आणि भिंतीवरची कार्मेनमाता, दोघीच.

तिच्याकडे आज एकच मागितलं. जोडरस्ता आम्हाला मिळू दे. यांच्या हाताला इथेच काम मिळू दे.

१८ जून, मंगळवार

मोजणीवाली मुलगी आली. मायेर्ली नाव. मला वाटलं होतं जाड चष्म्याचा कुणी साहेब येईल, तर ही काडीसारखी पोर, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. टोलनाक्यापासून वर कुणाच्यातरी मोटरसायकलवर बसून आली, कारण बस आता आमच्याकडे येत नाही. बसही टोल भरते आणि खालूनच जाते.

आमची वरची खोली रिकामी असते म्हणून फादरांनी तिला आमच्याकडे धाडलं. आल्या आल्या मला अदबीने म्हणाली, "दोन्या बेत्साबे, माझ्या जेवणाचं काही करू नका हं. ज्या घरी प्रश्न विचारायचे तिथे खायचं नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम आहे."

मी म्हटलं, "ऑफिस तिकडे राजधानीत. चूल इथे माझी. हात धू."

दोन वाडगे जेवली. वर गुळाचं गरम पाणी, चीजचा तुकडा बुडवून. पोर कधीची उपाशी होती कोण जाणे.

आर्हेमिरो आज छपरावर चढले. स्वयंपाकघरावरची फुटकी कौलं बदलली. दोन पावसाळे मी पाठीमागे लागले होते. रिकामपण माणसाला चावतं, तसं झालं असेल. पण त्यांच्या हातात हातोडी बघून बरं वाटलं.

२६ जून, बुधवार

आज आमची पाळी होती. मायेर्ली आठवडाभर या घरात राहते आहे, सकाळी माझ्या हातचा मक्याचा आरेपा खाते, तरी टेबलाशी अगदी परक्यासारखी बसली आणि विचारू लागली: आपलं नाव काय, घरात माणसं किती. आर्हेमिरो हसून म्हणाले, "तू धरून तीन सांगू का?"

मग विचारलं, "नवा रस्ता सुरू झाल्यापासून घरची परिस्थिती कशी आहे? सुधारली, तशीच आहे, की बिघडली?"

आर्हेमिरो म्हणाले, "देवाच्या कृपेने काही कमी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणणार? छप्पर आहे, दोन वेळची चूल पेटते. ज्याने दिलं त्याच्या तोंडावर कुरकुर करायची का?

"म्हणजे तशीच?" ती म्हणाली.

"तक्रार करावी असं काही नाही, पोरी."

तिने पेन्सिल जरा वेळ वरच धरली आणि मग खूण केली.

पुढे विचारलं, गेल्या आठवड्यात मांस किती वेळा झालं. मी म्हटलं तीनदा. खोटं नाही, तीनदाच केलं. पाहुणी घरात असताना तिला काय डाळभात घालू?

"आणि मी यायच्या आधीच्या आठवड्यात?"

"तो आठवडा गेला," आर्हेमिरो म्हणाले आणि उठून दुकानाकडे गेले.

संध्याकाळी ती अंगणात बसली होती. म्हणाली, "दोन्या बेत्साबे, या गावात सतरा घरं केली. सतराही घरी जेवले. सोराइदाबाईंनी तर माझ्यासाठी कोंबडी कापली. आणि एकाही घरात काही कमी नाही."

मला अभिमान वाटला. म्हटलं, आमचं गाव असंच आहे.

मी तिला विचारून पाहिलं, जोडरस्ता मिळायला काय उत्तर द्यावं लागतं? ती म्हणाली, "ते सांगायची मला मनाई आहे. सांगितलं की लोक तसंच बोलतात."

४ जुलै, गुरुवार

गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते आर्हेमिरोंनी आज मला शिकवलं. पाना हातात दिला, दोनदा करून घेतलं, वास येतो का ते बघायला लावलं. मग पाण्याच्या टाकीचा वरचा नळ कसा बंद करायचा तेही.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात की."

"शिकून ठेव. मी खाली दुकानात असलो आणि गॅस संपला, तर काय हाका मारत बसशील?"

दुकान खिडकीतून दिसतं. पण म्हटलं, शिकवताहेत तर शिकून घेऊ. संध्याकाळी मागच्या दाराची बिजागरी बसवली, ती वीस वर्षं करकरत होती. माणसात उत्साह आलाय. माउली ऐकते आहे.

१४ जुलै, रविवार

मोजणीचा दुसरा भाग आता. जुन्या रस्त्याच्या कडेला माणसं बसवून येणारीजाणारी वाहनं मोजणार. मंगळवारी सोळा तारीख, कार्मेनमातेचा सण. सगळे ट्रकवाले गाड्या सजवून आशीर्वादाला येतात हे मायेर्लीला ठाऊक आहे, म्हणून तिने मुद्दाम पुढचा आठवडा धरला, २३ पासून तीन दिवस. म्हणाली, "मला साधे दिवस हवेत. रोजच्यासारखे."

सोराइदाच्या ओट्यावर हेच बोलणं चाललं होतं. ती म्हणाली, "साधे दिवस म्हणजे काय? दूधवाला, दोन कुत्री आणि फादरांची मोटरसायकल. मोजायला बोटं पुरतील. मेलेल्या गावाला कोण रस्ता बांधून देणार? पेन्या ब्लांकावाले नाचतील."

ते माझ्या मनात बसलं. पाहुणा येणार म्हटलं की आपण घर झाडतोच ना? त्यात फसवणूक कसली? आणि मग सुचलं. कितीतरी चालकांना यंदा मंगळवारी रस्त्यावर कामावर असावं लागणार, नवस फेडायला येता येणार नाही. ते आठवड्याने आले तर माउली काय रागावणार आहे?

फादरांना जाऊन विचारलं. त्यांनी कान खाजवला. म्हणाले, "नवसाला उशीर चालतो. ती समजूतदार आहे." मग म्हणाले, "मोजणीचं तू मला काही बोलली नाहीस, आणि मी काही ऐकलं नाही."

१७ जुलै, बुधवार

काल सण. सहा ट्रक. गेल्या वर्षी सजवलेल्या गाड्यांनी चढ दिसत नव्हता, भोंग्यांनी कान किटले होते. काल फादर पवित्र पाणी शिंपडून पाच मिनिटांत मोकळे झाले आणि उरलेलं पाणी बादलीत तसंच घेऊन आत गेले.

एदिल्बेर्तोला फोन लावला. आमच्या थोरल्याचा धर्मपिता, बंदराच्या रस्त्यावर जन्मभर ट्रक चालवतो, सगळ्या चालकांना ओळखतो. म्हणाला, "वहिनी, किती हव्यात?"

मी म्हटलं, "देव आणील तेवढ्या. पण फुगे-पताका लावू नका. साधे या."

२३ जुलै, मंगळवार

आणल्या! देवाने आणि एदिल्बेर्तोने आणल्या. सकाळपासून चढावर घरघर सुरू झाली ती थांबेना. मी दारात उभी राहून रडले. सोराइदाने पातेली चुलीवर चढवली, दुपारपर्यंत तिची सगळी आमटी संपली. मायेर्ली या तीन दिवसांत पेन्या ब्लांकाच्या घरांत गेली आहे. वळणावर खुर्ची टाकून खालच्या गावातली दोन भाडोत्री मुलं बसली होती. त्यांच्या पेन्सिली थांबत नव्हत्या. एदिल्बेर्तो गावातून जायचा, दफनभूमीपाशी वळायचा आणि परत यायचा. चौथ्या फेरीला मोजणाऱ्या पोराला त्याने टोपी काढून सलाम केला.

एक गोष्ट मात्र लागली मनाला. पहिल्या फेरीनंतर एदिल्बेर्तोने दुकानापुढे गाडी उभी केली. "दोस्ता, मागच्या चाकात हवा कमी वाटते, बघ जरा."

आर्हेमिरोंनी बघितलं. "बरोबर आहे हवा."

"मग थोडी जास्त भर."

आर्हेमिरोंनी नळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "रिकामं चाक असेल तेव्हा ये. भरून देईन." आणि आत गेले. एवढी वर्दळ दारात असताना हा माणूस अंधारात पाठमोरा बसून राहिला. मला समजेना.

२ ऑगस्ट, शुक्रवार

मायेर्ली आज गेली. गेल्या शुक्रवारी मुलांचे कागद पाहून तिने विचारलं होतं, "इतकी वाहनं?" मी म्हटलं होतं, "माउलीची कृपा." तिने माझ्याकडे पाहिलं आणि कागद पिशवीत ठेवले.

जाताना तिच्या पिशवीत आरेपे आणि पेरूची वडी बांधून दिली. दारात थबकली. "दोन्या बेत्साबे, तुमचं मला काही सांगायचं राहिलंय का?"

"काही नाही गं. सगळं ठीक आहे. अंगावर जरा मांस चढव."

तिने मला घट्ट मिठी मारली. वरची खोली झाडायला गेले तर नीट झाडून ठेवलेली, चादरीची घडीसुद्धा घातलेली.

२० ऑगस्ट, मंगळवार

आर्हेमिरोंनी मला बँकेत नेलं. खात्यावर माझीही सही चालावी म्हणून. "उद्या आजारी पडलो तर?" म्हणाले. बँकेतली बाई म्हणाली, किती शहाणा नवरा. मलाही बरं वाटलं. मी शाळेची शेवटची परीक्षा पास आहे, हिशोब मीच ठेवते, पण सही आजवर त्यांचीच.

येताना त्यांनी बूट घेतले. नवे! हा माणूस बुटांना टायरचं रबर ठोकून दहा वर्षं घालतो. जोडरस्ता होणार, गिऱ्हाइकं येणार, म्हणून दुकानात नीटनेटकं बसावंसं वाटत असेल. सोराइदाला कौतुकाने सांगितलं. कधी नव्हे ती एकदम गप्प झाली. बुटांचा हेवा वाटला असावा बिचारीला. तिच्या नवऱ्याला असं काही सुचत नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मारियामातेचा जन्मदिन. फादरांनी जाहीर केलं, शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मोजणीचा निकाल सांगायला माणसं येणार. तिच्या पायाशी मी मोठी मेणबत्ती लावली, वीतभर नाही, हातभर. आज काटकसर केली नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

मायेर्ली आणि तिचा मोठा साहेब आले होते. पडद्यावर चित्रं दाखवली, रंगीत खांब उंच-सखल. साहेब चांगला बोलत होता, सावकाश. म्हणाला, आल्तो रोसालला अभिनंदन. जुन्या रस्त्यावरची वर्दळ कमी झालेली नाही. घरांची परिस्थिती आहे तशीच आहे, खाणंपिणं तर शेजारच्या गावांपेक्षा बरंच चांगलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील.

मग म्हणाला, पेन्या ब्लांकात दुकानं बंद पडली, कुटुंबं गाव सोडून गेली, लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यामुळे जोडरस्ता पेन्या ब्लांकाला द्यावा असं आम्ही लिहिणार आहोत.

सोराइदा म्हणाली, "म्हणजे आम्ही ठीक आहोत, म्हणून आम्हाला नाही?"

"बाई, ज्यांचं नुकसान झालं त्यांना आधी. तुमचं झालं नाही ही आनंदाची गोष्ट आहे." मग विचारलं, "कुणाला हरकत घ्यायची आहे? घेतली तर ती लिहिली जाईल."

कुणी उठेना. काय म्हणून उठणार? प्रत्येकाने आपापल्या तोंडाने सांगितलेलं. माझा चेहरा जळत होता. मी जपमाळ मुठीत धरून खाली बघत होते. ट्रक मी बोलावले होते. उठायला हवं होतं. पाय उठले नाहीत.

शेजारची खुर्ची सरकली. आर्हेमिरो उभे राहिले होते. चार माणसांत हा माणूस कधी बोललेला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"मी पंक्चरवाला. वळणावर दुकान आहे. नवा रस्ता झाल्यापासून मला काम नाही. जे थोडं आलं ते मित्रांनी आणलं, चांगली चाकं घेऊन आले. मी या मुलीला सांगितलं काही कमी नाही, ते खरं नव्हतं. मी ठीक नाही. एक ऑक्टोबरला मी बंदरावर कामाला निघतोय. चुलतभावाला जूनमध्येच हो म्हणून कळवलंय." मग माझ्याकडे न बघता, "माझ्या बायकोला हे आत्ता कळतंय. घरात सांगायची हिंमत झाली नाही. इथे खूप लोक आहेत म्हणून सांगता आलं. हे लिहून घ्या."

आणि बसले.

सोराइदा उठली. "माझंही लिहा. त्या दिवशी कापली ती माझी शेवटची अंड्यावरची कोंबडी होती." मग शिंपी उठला, मग बाकीचे. शेवटी मागून एदिल्बेर्तो म्हणाला, "साहेब, त्या वर्दळीतून मला वजा करा. नुसत्या मंगळवारी चार वेळा मोजला गेलोय." लोक हसले, काही रडत हसले. मायेर्लीने मान खाली घातली होती, तिचे खांदे हलत होते.

मी एक शब्द बोलले नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

कौलं. सिलिंडर. बिजागरी. बँक. बूट.

सोराइदाला ठाऊक होतं.

मिस्सेला गेले. काही मागितलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मायेर्ली आपली रजा घेऊन परत आली. मोजणी पुन्हा करायची तर ऑफिस पैसे देईना, म्हणून या वेळी स्वतःच वळणावर बसली. मी तिच्याशेजारी दुसरी खुर्ची टाकली. तिला सगळं सांगितलं, फोनापासून फेऱ्यांपर्यंत.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण कागदावर मला वाटण्याची जागा नसते."

"पेन्या ब्लांकावाल्यांनी तुला जेवायला घातलं नाही का?"

"घातलं ना. पण आधी रडले, मग घातलं."

दूधवाला गेला. तिने एक रेघ मारली. फादर मोटरसायकलवरून गेले, आमच्याकडे बघून हात हलवावा की नाही अशा घोटाळ्यात पडले. मग नुसता रस्ता. दुपारी एदिल्बेर्तोचा फोन, "वहिनी, येऊ का?" मी म्हटलं, "तुम्हाला माउलीची शपथ, येऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडून मागितलं की आज आमच्या दारात कुणी येऊ नये. खालून एखादं इंजिन ऐकू आलं की मी जपमाळेचा मणी ओढायचे. इंजिन वर न येता खालच्या खालीच विरून जायचं.

संध्याकाळी मायेर्ली म्हणाली, मी हे सगळं परत लिहीन, भांडेन. पण ऑफिसात वाचून निर्णय व्हायला वर्ष लागेल, दीडही लागेल. तिने ते दुकानाच्या दारातल्या आर्हेमिरोंनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि झाडू उचलला.

घरात आम्ही गोडच बोलतो. मीठ हवं का, ऊन आहे का. त्यांच्या सदऱ्यांना मी बटणं लावली. बंदरावर दमट असतं म्हणतात.

१ ऑक्टोबर, मंगळवार

एदिल्बेर्तोने ट्रकमधून आम्हाला टोलनाक्यापर्यंत सोडलं. बंदराची बस कुठेच थांबत नाही, पण टोल भरायला थांबावंच लागतं, म्हणून सगळे तिथेच चढतात. मी हा नाका पहिल्यांदाच पाहिला. केळ्याचे तळलेले काप विकणाऱ्या बाया, पाण्याच्या बाटल्या, रांगेत उभे ट्रक एकामागे एक. आमच्या चढावरची सगळी घरघर इथे येऊन राहिली आहे.

आम्ही कडेला उभे होतो. मधे पेटी. आर्हेमिरो ट्रकांच्या चाकांकडे बघत होते, सवयीने. पुटपुटले, "त्या निळ्याच्या मागच्या डाव्या चाकाचं काही खरं नाही." खिडकीतून चालकाने ऐकलं. "टायरवाले का हो तुम्ही? करून द्या की. पन्नास किलोमीटर हुडकतोय, या सबंध रस्त्यावर कुणी नाही." आर्हेमिरो म्हणाले, हत्यारं बरोबर नाहीत. रांग पुढे सरकली.

लांबून बस दिसली. मी काय बोलायचं ते ठरवून आले होते: जपून राहा, वेळेवर जेवा, रविवारी फोन करा.

तोंडातून निघालं, "जाऊ नका."

"काय?"

"जाऊ नका. तुमच्यावाचून मला कमी पडेल. सगळंच कमी पडेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काही कमी नाही म्हणाली होतीस."

"ते पाहुणीला सांगितलं होतं."

टोपी उगाच काढून परत घातली. "तू कधी म्हणाली नाहीस," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे म्हणालात?

बस टोलच्या खिडकीशी थांबली. कंडक्टर ओरडला, "बंदर! बंदर! चढा आजोबा, मागे रांग लागलीय!"

आर्हेमिरोंनी पेटीला हात लावला. मग विचारलं, "ही उद्याही येते का?"

"रोज येते. कुठे जाते पळून?"

"मग उद्या बघू."

दार बंद झालं. केळीवाली म्हणाली, आजोबांचा विचार फिरला वाटतं, आणि आम्हाला दोन काप जास्त घातले. एदिल्बेर्तो ट्रक घेऊन थांबलाच होता, त्याने न विचारता पेटी परत चढवली आणि आम्हाला घरी आणलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पेटी दाराशी तशीच होती. मी पेटीकडे पाहिलं नाही, यांच्याकडेही पाहिलं नाही. कॉफी ओतून ठेवली. ते पिऊन दुकानात गेले.

जरा वेळाने खिडकीतून पाहिलं तर अंगण झाडलेलं नव्हतं. हवेचं यंत्र ओढून रस्त्याकडेला आणलं होतं, एदिल्बेर्तोने ट्रकचं मागचं फळकूट खाली टाकलं होतं, आणि दोघं दोरीने यंत्राची रुंदी घेत होते.

"बसेल का?" एदिल्बेर्तो विचारत होता.

"आडवं ठेवलं तर बसेल. पण नाक्यावर बसू देतील का?"

"नाहीच बसू दिलं तर बस आहेच की तुझी, रोजची."

आर्हेमिरो हसले. तो आवाज मी केव्हा ऐकला होता शेवटचा, आठवत नाही.

मी खिडकी लोटून घेतली. राजमा निवडला आणि उद्यासाठी भिजत घातला, दोघांच्या मापाने.